चार भिंतींचे क्षेत्रफळ

खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र सोपे आहे. लांबी आणि रुंदी यांची बेरीज करावी, तिची दुप्पट करावी आणि तिला उंचीने गुणावे. गेली वीस वर्षे हे सूत्र मी मुलांना शिकवीत आलो आहे. मी स्वतः नुसता मॅट्रिक. एका लहानशा खासगी शाळेत खालच्या वर्गांना गणित आणि मराठी शिकवतो आणि रात्री जेवणे आटोपली की कादंबऱ्या लिहितो. कादंबरीतली माझी माणसे मनाला येईल तशी वागतात. गणितातली खोली मात्र कधी वाकडी वागत नाही. तिचे चारी कोपरे काटकोनात असतात, तिला ओल येत नाही आणि तिचा रंगारी सांगितल्या दिवशी येतो. ‘एका खोलीची लांबी अमुक, रुंदी तमुक, तर तिच्या भिंतींना रंग देण्यास खर्च किती?’ असे फळ्यावर लिहिले की मुले माना खाली घालून आकडेमोडीला लागतात. त्या खोलीत राहते कोण, हे मला आजवर एकाही मुलाने विचारलेले नाही. मलाही ते कधी सुचले नव्हते.

यंदाच्या उन्हाळ्यात हे गणित मला स्वतःच्या घराचे करावे लागले, आणि जे सूत्र मी डोळे मिटून सांगत असे त्यापुढे मी दोन रात्री डोळे उघडे ठेवून बसलो.

आमचे घर वाईला, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. वाडा म्हणावा इतके ते मोठे नाही आणि नुसते घर म्हणावे इतके लहानही नाही. त्यात सगळ्यांत मोठे ते माजघर. चोवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच. ही मापे आमच्या घरात पाढ्यांसारखी पाठ आहेत. पाहुणा आला की वडील पहिल्यांदा त्याला पाणी देत आणि दुसऱ्यांदा माजघराची लांबी सांगत. वर सागवानी तुळया आणि फळ्यांचे तक्तपोशी. म्हणजे छताला रंगाचा प्रश्न नाही. प्रश्न भिंतींचाच.

तो प्रश्न निघाला माझ्या थोरल्या भावामुळे. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. भोसरीच्या एका कारखान्यात त्याने सारी उमर घालवली. मार्चमध्ये एका रात्री त्याचा फोन आला.

“बापू, ऑगस्टअखेर मी रिटायर होतोय. यंदा दिवाळीला चांगले पंधरा दिवस यावं म्हणतो. माझ्या खोलीला तेवढा रंग मारून घेशील का? पैसे पाठवतो.”

“पैसे कसले पाठवतोस?” मी म्हणालो, “दोन्ही खोल्यांना एकदमच देऊ. कुठला रंग हवा?”

“तू तुझ्या खोलीला देशील तोच दे,” दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.

दोन खोल्या. माजघराच्या आता दोन खोल्या आहेत, हे सांगायचे राहिले. मला वाटते, मी ते सांगायचे टाळीत होतो.

वडील होते तोवर घरात रंगाचा अंदाज असा काही प्रकारच नव्हता. रंग म्हणजे चुना. दसरा झाला की वडील कळीचा चुना आणीत, तो पत्र्याच्या डब्यात टाकून वर पाणी ओतीत, आणि आम्ही लांब उभे राहून ते पाणी आपोआप खदखदू लागलेले पाहत असू. विस्तवाशिवाय उकळणाऱ्या त्या पाण्याचे मला फार भय वाटे. रात्रभर चुना निवत असे. सकाळी तो फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालायची. मग दादा शिडीवर कुंचा घेऊन, आणि मी खाली बादली धरून. चुना पुरेल ना, असे आईने विचारले की वडील म्हणत, “न पुरायला काय झालं? पाणी थोडं जास्त घालू.” चुन्याचा हा मोठा गुण. तो पाणी सोसतो आणि भिंतीची ओलही सोसतो. आतला दमटपणा त्याच्यातून बाहेर पडू शकतो. पुढे केव्हा तरी वाचनात आले की भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होऊन बसतो. भट्टीत जाण्यापूर्वी जो दगड होता तोच. म्हणजे आमचे वडील दर दिवाळीला भिंतींवर दगडाचा एकेक पापुद्रा चढवीत होते आणि आम्ही त्याला सफेदी म्हणत होतो.

आताचे रंग तसे नाहीत. ते डब्यातून येतात आणि भिंतीवर त्यांचे एक अखंड कातडे तयार होते. आत ओल असली तर हे कातडे फुगते आणि पोपडे धरते. म्हणूनच आमचा रंगारी म्हणाला, “गुरुजी, दिवाळीचा रंग दिवाळीत नको. पाऊस संपला तरी तुमच्या भिंतीतलं पाणी संपत नाही. मे महिन्यात उरकून घ्या.” या रंगाऱ्याला सारी आळी चाचा म्हणते. वय सत्तरीच्या आसपास, बोलणे थोडे आणि चष्म्याच्या काचांवर कायम दोन-तीन रंगांचे शिंतोडे.

चाचा भिंती पाहायला येण्याच्या आदल्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शिक्षकाने रंगाऱ्याला हिशेब विचारावा, हे मला कमीपणाचे वाटत होते. आधी सहज म्हणून मूळच्या माजघराचे क्षेत्रफळ काढले. चोवीस अधिक बारा छत्तीस, दुप्पट बहात्तर, गुणिले दहा. ७२० चौरस फूट. मग आताच्या दोन खोल्यांचे काढले. मधोमध भिंत, म्हणजे बारा बाय बाराच्या दोन खोल्या. एकीचा घेर अठ्ठेचाळीस, क्षेत्रफळ ४८०. दोन्हींचे मिळून ९६०.

मी पुन्हा आकडेमोड केली. चूक नव्हती. जमीन तेवढीच, छप्पर तेच, पण रंगवायच्या भिंती २४० चौरस फुटांनी वाढल्या होत्या. कारण उघड होते. मधल्या भिंतीला दोन बाजू, आणि एकेक बाजू बारा गुणिले दहा. तिसरीतल्या मुलालाही हे कळेल. पण ती भिंत घातली त्या दिवशी घरातल्या एकाही शहाण्याच्या हे ध्यानात आले नव्हते. वाटणी म्हणजे जे आहे त्याचे दोन भाग करणे, अशी आमची समजूत. जमिनीचे दोन भाग झाले खरे. भिंतीचे मात्र झाले नाहीत, भिंती वाढल्या. शिवाय ती साडेचार इंची वीट, दोन्हीकडचे प्लास्टर धरून जवळजवळ अर्धा फूट जाड. बारा फुटांच्या रुंदीत तिने सहा चौरस फूट जमीन गिळली ती वेगळीच. आम्हां दोघांना मिळून जमीन कमी आली आणि रंगवायला भिंत जास्त आली.

ही भिंत आम्ही २०१० सालच्या मे महिन्यात घातली. वडील २००८ मध्ये गेले, आई त्यांच्याही आधी गेलेली. भिंतीचे कारण कोणी विचारले तर मी आजवर सांगत आलो, की दोन संसार, दोन तऱ्हा, वेगळे असलेले बरे. पण आमच्या दोन संसारांत कधी भांडण झाले नाही. झाले असते तर निदान ते मिटवता आले असते. खरे कारण लहान होते आणि ते माझेच होते. माझी पहिली कादंबरी तेव्हा नुकतीच छापून आली होती आणि आपल्याला लिहायला स्वतंत्र खोली हवी असे मला वाटू लागले होते. दादा मुलाबाळांसकट उन्हाळ्यात आणि दिवाळीत आला की माजघरात गाद्या पसरत, पत्त्यांचे डाव पडत, आणि माझे कागद कुठल्या तरी उशीखाली सापडत. एका संध्याकाळी मी म्हणालो, “दादा, मध्ये एक भिंत घातली तर?” दादा नखे काढीत बसला होता. त्याने वर पाहिले. “घाल की,” तो म्हणाला. त्या दोन शब्दांवर मी भिंत बांधली.

पुढे दादाचे येणे बंद झाले नाही. ते आखडत गेले. आठ दिवसांचे चार झाले, चाराची एक रात्र झाली. वाटणीत त्याच्याकडे आलेल्या खोलीचे दार अंगणाकडे आणि माझ्या खोलीचे स्वयंपाकघराकडे. तो आला तरी मला दिसायचा तो अंगणातून फिरून आल्यावर. वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या खोलीला कुलूप असे. किल्ली आमच्याकडे. ही दर शनिवारी ती उघडून झाडून घेई. आणि एक गोष्ट मला यंदाच लक्षात आली. पंधरा वर्षांत मी माझ्या तीन भिंतींना कितीदा तरी चुना दिला, पण त्या मधल्या भिंतीला कधीच दिला नाही. तिच्यापुढे पुस्तकांचे कपाट उभे केले, वर कॅलेंडर लावले. दादाच्या बाजूनेही ती तशीच, सिमेंटच्या करड्या रंगाची. दोघांनीही तिला आपली म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चाचा आला. मी त्याच्या हाती माझा कागद दिला. त्याने तो पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन तिच्यावर तळहात टेकवला, जसा वैद्य तापकऱ्याच्या कपाळाला लावतो. मग फडके ओले करून त्याने भिंतीवर फिरवले आणि ते पाणी किती वेळात जिरते ते पाहत उभा राहिला. जुन्या भिंतीवर ओलावा थोडा वेळ दिसला. मधल्या कोऱ्या भिंतीने तो क्षणात पिऊन टाकला.

“हिला तहान आहे,” चाचा म्हणाला. “आधी प्रायमर पाजावा लागेल. नाहीतर सगळा रंग हीच पिईल.”

“पण एकूण अंदाज किती?” मी विचारले.

“लिटरमागे शंभर चौरस फूट धरा, दोन्ही हात मिळून. डब्यावर जास्त लिहिलेलं असतं. ते गुळगुळीत भिंतीसाठी. तुमच्यासारख्या भिंती डबेवाल्यांनी पाहिलेल्या नसतात.” मग थोडे थांबून म्हणाला, “आणि गुरुजी, हे माप मापून घेतलंय की पाठ आहे?”

मी गप्प राहिलो. “पाठ असलेलं माप खरं नसतं,” असे म्हणून त्याने खिशातला पोलादी टेप काढला आणि टेबलावर ठेवला. “मी उद्या खरवडायला लागतो. तुम्ही मापून ठेवा.”

एक लिटर रंग शंभर चौरस फुटांवर! मी तो हिशेबही करून पाहिला. ओला थर भरतो जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे वहीच्या एका पानाएवढा. आणि वाळून पाणी उडाले की त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा जाडीवर माणसे घर नवे झाले म्हणून समाधान मानतात.

संध्याकाळी मी टेप घेऊन उठलो. माझ्या खोलीची रुंदी बारा फूट, बरोबर. लांबी भरली बारा फूट तीन इंच. जुने बांधकाम, थोडे इकडेतिकडे व्हायचेच, असे म्हणून मी कुलूप काढून दादाच्या खोलीत गेलो. तिची लांबी अकरा फूट तीन इंच.

मी पुन्हा मापले. टेपचे टोक भिंतीला नीट टेकले आहे ना, ते वाकून पाहिले. अकरा फूट तीन इंच. मधली भिंत अर्धा फूट. तिन्हींची बेरीज चोवीस. माजघर पाठ होते तेवढेच होते. भिंत तेवढी मधोमध नव्हती. ती माझ्या बाजूने सहा इंच पलीकडे उभी होती. प्रत्येकाच्या वाट्याला यायचे होते अकरा फूट नऊ इंच. माझी खोली दादाच्या खोलीपेक्षा चांगली एक फुटाने लांब होती.

आणि तिथेच, त्या रिकाम्या खोलीत उकिडवा बसलेला असताना, मला ती कापडी फीत आठवली.

भिंतीची जागा आखायला मी शाळेतली फीत घरी आणली होती. मुलांच्या हाताळण्याने तिचे पहिले सहा इंच झडून गेले होते. ती शून्यापासून नव्हे, सहाच्या आकड्यापासून सुरू होत होती. वर्गात ती वापरताना मी दर खेपेला मुलांना बजावीत असे, “पहिला आकडा बघा रे! टोक म्हणजे शून्य नव्हे!” त्या दिवशी फितीचे टोक दादाने त्याच्या बाजूच्या भिंतीला टेकवून धरले होते. मी दुसरीकडून फीत ताणून बारा फुटांच्या खुणेपाशी जमिनीवर खडूने रेघ ओढली. ती बारा फुटांची रेघ त्याच्या भिंतीपासून खरोखर साडेअकरा फुटांवर होती. गवंड्याने ती मध्य धरून दोरी लावली.

आता मुद्दा असा, की ते मला तेव्हा ठाऊक होते का? शेकडो मुलांना जे मी बजावले ते त्याच दिवशी विसरलो, असे म्हणणे सोपे आहे, आणि ते खरेही असेल. पण मनाच्या कोपऱ्यात तो सहाचा आकडा लुकलुकत असताना मी रेघ ओढली नाही, असे छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. कादंबरीत असा प्रसंग आला असता तर मी दोन ओळींत निकाल लावून मोकळा झालो असतो. लेखकाला आपल्या पात्राच्या मनातले सारे ठाऊक असते. स्वतःच्या मनातले, तेही पंधरा वर्षांपूर्वीचे, कुठल्या फितीने मापायचे?

त्या रात्री मी नव्याने हिशेब मांडला. माझी खोली: सव्वाबारा अधिक बारा, दुप्पट साडेअठ्ठेचाळीस, गुणिले दहा, ४८५. दादाची: सव्वाअकरा अधिक बारा, दुप्पट साडेशेहेचाळीस, ४६५. प्रत्येकीला एक दार, तीन बाय सात, म्हणजे २१. एक खिडकी, चार बाय तीन, म्हणजे १२. हे ३३ वजा. आता राहिले कोनाडे. मुले वर्गात कोनाडा हटकून वजा करतात. त्यांना वाटते, जिथे पोकळी तिथे रंग कशाला? पण कोनाडा वजा करायचा नसतो, मिळवायचा असतो. आमचा कोनाडा दीड फूट रुंद, दोन फूट उंच आणि एक फूट खोल. त्याची मागची बाजू तीन चौरस फूट. ती भिंतीच्याच जागी धरा. पण चारी कडा आत वळतात, त्यांचे आणखी सात होतात. तीन फुटांची पोकळी दहा फुटांचा रंग मागते. माझ्याकडे असे दोन कोनाडे, आई ज्यात फणी-करंडा आणि दिवा ठेवी ते. दादाकडे एक, देवाचा. तेव्हा माझे ४६६, दादाचे ४३९. एकूण ९०५. दहा लिटरचा एक डबा.

दोन खोल्यांना दोन रंग असते तर डबे वेगळे आणावे लागले असते. एकच रंग, म्हणून एकच डबा. आणि तो एकदमच आणलेला बरा. यंत्रावर मिसळलेली छटा दुसऱ्या खेपेला अगदी तशीच उतरेल याची खात्री नसते आणि भिंतीच्या मधोमध जोड दिसतो. चुन्यासारखे पाणी वाढवून इथे भागत नाही.

हिशेब सुटला, पण झोप येईना. दुसऱ्या रात्री मी दादाला फोन केला. बोलायला सुरुवात कशी करावी ते सुचेना, म्हणून आकड्यांपासूनच केली.

“दादा, रंगाचं माप काढलं. तुझी खोली माझ्या खोलीपेक्षा एक फुटानं लहान आहे.”

“असं?”

“भिंत मधोमध नाही. त्या दिवशी फीत फाटकी होती. पहिले सहा इंच नव्हतेच तिला.”

पलीकडे काही क्षण नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग दादा म्हणाला, “अरे, टोक माझ्याच हातात होतं की.”

या वाक्याचा अर्थ मी अजून लावतो आहे. टोक हातात होते म्हणजे त्याने ते फाटलेले पाहिले होते, आणि पाहून तो गप्प राहिला? की चूक एकट्या माझी नव्हे, पाहायला त्यानेही हवे होते, असे त्याला म्हणायचे होते? विचारायला जीभ रेटली नाही. दादा दहावीनंतर कारखान्यात लागला तो मी पुढे शिकावे म्हणून, आणि मी मॅट्रिकपाशीच थांबलो. तेव्हाही त्याने मला कधी हिशेब विचारला नव्हता.

“म्हणजे मला रंग किती कमी लागेल?” त्यानेच विचारले.

“भिंतीला वीस चौरस फूट. पाव लिटरच्या आतच.”

“मग तेवढे माझ्या पैशातून वजा कर, गुरुजी!” असे म्हणून तो मोठ्याने हसला. मलाही हसू आले. पण ते पुरते बाहेर आले नाही. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “आणि हे बघ, दिवाळीला येताना माझा टेप आणतो. कारखान्यातला आहे, चांगला.”

“कशाला?” मी विचारले. पण त्याने फोन ठेवला होता.

चाचाने भिंती खरवडायला घेतल्या तेव्हा जुन्या चुन्याचे पापुद्रे सुटू लागले. पांढरा, त्याखाली निळसर, त्याखाली एका वर्षीचा पिवडीचा पिवळा, पुन्हा पांढरा. अगदी खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, गेरूचा एक पट्टा निघाला. आई असताना कधी तरी ओढलेला असावा. तो माझ्या खोलीतून मधल्या भिंतीपर्यंत आला आणि तिच्याखाली गेला. मी अंगणातून फिरून दादाच्या खोलीत जाऊन पाहिले. तिकडे तो भिंतीखालून बाहेर निघून पुढे चालला होता, त्याच उंचीवर, त्याच रुंदीचा. वाटेत भिंत आली आहे, हे त्या पट्ट्याच्या गावीही नव्हते.

मग प्रायमर झाला. मग रंगाचे दोन हात. छटा हस्तिदंती. मधल्या भिंतीने प्रायमर दिल्यावरही आपला वाटा जरा जास्तच घेतला. माझ्या कागदावर सुमारे एक लिटर उरायचा होता; डब्याच्या तळाशी उरला तो अर्ध्या लिटरच्या आत. चाचाच्या मते हाच बरोबर अंदाज. रंग संपला तर तो अंदाज चुकला, आणि फार उरला तरी चुकला.

हिशेबाचा कागद अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच्या कोपऱ्यात, मला न सांगताच माझ्या हाताने, आणखी एक वजाबाकी केलेली आहे. मधल्या भिंतीत तीन बाय सातचे एक दार काढले तर दोन्ही बाजूंचे मिळून ४२ चौरस फूट वाचतात. हा कागद मी अजून कोणाला दाखवलेला नाही. हिने तो टेबल पुसताना पाहिला असावा, कारण परवा भाजी निवडता निवडता ती आपणहून म्हणाली, “दारावर तुळईला आधार नको का द्यायला? नाहीतर वरच्या विटा खाली येतील.” मी ऐकले न ऐकलेसे केले.

उरलेला रंग मी चाचाला घेऊन जायला सांगितले होते. त्याने तो एका लहान डब्यात ओतला, झाकणावर बोळा ठेवून वरून हातोडीने ठोकले आणि डबा माझ्याच हाती दिला.

“ठेवा, गुरुजी. पुढंमागं कुठं भिंत फोडलीत, दार काढलंत, तर कडांना लागेल. हाच रंग पुन्हा मिळायचा नाही.”

आमच्या कोऱ्या भिंतीपुढे पंधरा दिवस एकटा उभा राहिलेला माणूस. त्याच्या मनात काय होते कोण जाणे. डबा मी माळ्यावर ठेवला आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दादा वाईला आलेला असेल, त्याच्या टेपसकट.